कामावर इजा झाली, आता बिल कुणाचं? ठाणे-नवी मुंबईतल्या कामगारासाठी

पॉवर प्रेसखाली बोटं सापडतात, केमिकल अंगावर उडतं, गोदामातल्या रॅकवरून माणूस खाली येतो. पहिल्या दिवशी कंपनी सहसा खर्चाला नाही म्हणत नाही. मॅनेजर स्वतः गाडी काढतो, डिपॉझिट भरतो, घरच्यांना धीर देतो. वाद सुरू होतो तो डिस्चार्जनंतर. ‘हॉस्पिटलचं दिलं, फिजिओचं आमच्याकडे नाही’, ‘बाहेरून औषधं घ्यायला कुणी सांगितलं?’, ‘पॉलिसीत एवढंच बसतं’. तोवर निम्मी बिलं हरवलेली असतात आणि उरलेल्यांवरची शाई उडालेली असते.

कायदा या बाबतीत कामगाराच्या बाजूने बराच स्पष्ट आहे. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात २०१० पासून कलम ४(२-अ) आलं. कामाच्या ओघात झालेल्या इजेवरच्या उपचारांसाठी कर्मचाऱ्याला प्रत्यक्ष आलेला वैद्यकीय खर्च परत मिळेल, असं ते सांगतं. त्यात रकमेची कमाल मर्यादा नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली. त्याआधीच्या अपघाताचा दावा जुन्या कायद्याखाली चालतो, नंतरचा संहितेखाली. उपचारखर्चाची तरतूद दोन्हीकडे आहे. खाली कलमांचे आकडे जुन्या कायद्याचे दिले आहेत, कारण वकील आणि कारकून अजून तेच बोलतात.

आधी हे ठरवा: ईएसआय की कंपनी?

हा प्रश्न चुकला की पुढचं सगळं चुकतं. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेत, असायला हवा (अपंग कर्मचाऱ्यांसाठी ही मर्यादा २५,००० आहे). ईएसआय लागू असेल तर उपचार, ९० टक्के दराने रजेचा भत्ता आणि कायमच्या अपंगत्वाची पेन्शन हे सगळं ईएसआय महामंडळाकडून मिळतं. त्याच इजेसाठी कंपनीकडून भरपाई मागायला जुन्या ईएसआय कायद्याचं कलम ५३ आड येतं. सॅलरी स्लिपवर ०.७५ टक्के कपात दिसते का बघा. दिसत असेल तर आयपी नंबर (विमाधारकाचा क्रमांक) घ्या आणि उमंग ॲपवर तो चालू आहे का तपासा.

इथे तीन ठिकाणी घोळ होतो.

पहिला पगारवाढीचा. जूनमध्ये पगार २१,००० च्या वर गेला म्हणून माणूस त्याच दिवशी ईएसआयबाहेर पडत नाही. वर्गणीचा कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा असतो. तो संपेपर्यंत संरक्षण चालूच राहतं. ऑगस्टमध्ये अपघात झाला आणि एचआर म्हणतंय ‘तू आता ईएसआयमध्ये नाहीस’, तर ते चूक आहे. उलट १ ऑक्टोबरनंतर झाला असेल तर जबाबदारी थेट कंपनीवर येते आणि तिच्याकडे वेगळी पॉलिसी असायला हवी. बऱ्याच छोट्या युनिटमध्ये ती नसते.

दुसरा, नाव न नोंदवण्याचा. कामाला लावलं, पण आयपी नंबर काढला नाही. मग अपघातानंतर घाईघाईने नोंदणी होते. कामावरच्या इजेसाठी किती दिवस वर्गणी भरली याची अट नाही. पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे, आणि नोंदणी झाली नव्हती एवढ्याने तो जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने आधीच हे स्पष्ट केलं आहे. मालकाने न भरलेल्या वर्गणीची वसुली महामंडळ मालकाकडून करतं, ती कामगाराची डोकेदुखी नव्हे. मात्र तो त्या दिवशी कामावर होता हे सिद्ध करावं लागतं, आणि खरा झगडा तिथेच असतो.

तिसरा घोळ सगळ्यात महागात पडतो. अपघाताची नोंद व्हायला नको म्हणून कंपनी ईएसआयवाल्या कामगाराला खासगी हॉस्पिटलमध्ये नेते. ‘वागळे इस्टेटच्या विमा रुग्णालयात कुठे नेता, आपण चांगल्या ठिकाणी करू.’ ऐकायला बरं वाटतं. दोन लाखांचं बिल झाल्यावर हीच कंपनी कलम ५३ दाखवते आणि ‘ईएसआयकडे जा’ म्हणते. ईएसआय म्हणतं, रेफरल नव्हतं, तातडीचं कारण दाखवा, आणि आमच्या दराने जेवढं बसेल तेवढंच देऊ. म्हणून ईएसआय असताना खासगीत नेत असतील तर ‘संपूर्ण खर्च कंपनी करेल’ एवढं एक वाक्य ईमेलवर, निदान व्हॉट्सॲपवर घ्या. हॉस्पिटलला कंपनीने दिलेल्या हमीपत्राची प्रतही मागून घ्या. आणि तरीही अपघाताचा अहवाल ईएसआयकडे पाठवायला लावा. तो फॉर्म १२ मध्ये, अपघातापासून २४ तासांत जायला हवा. तो गेला नाही तर भत्ताही अडकतो आणि पुढे अपंगत्वाची पेन्शनही.

माथाडी बोर्डात नोंद असलेल्यांनी कंपनीकडे जाण्याआधी आपल्या बोर्डात चौकशी करावी. त्यांची व्यवस्था वेगळी आहे.

कॅज्युअल्टीचा कागद

सगळ्या फाइलमध्ये वजनदार कागद कोणता, तर कॅज्युअल्टीत पहिल्या दहा मिनिटांत लिहिलेली केस हिस्टरी. जखमी माणूस कण्हत असतो, सोबत आलेला ठेकेदाराचा सुपरवायझर डॉक्टरांना सांगतो, ‘घरी पडला’, ‘बाइकवरून घसरला’. डॉक्टर तेच लिहितात. पुढे हीच ओळ डिस्चार्ज कार्डावर उतरते, आणि कंपनीच्या वकिलाला आयतं कोलीत मिळतं.

घरचं कुणी पोचलं की पहिलं काम हे: हिस्टरीत काय लिहिलंय ते वाचून घ्या. ‘कंपनीत काम करताना’, जागा आणि वेळ एवढं तरी असायला हवं. चुकीचं असेल तर खाडाखोड करायला सांगू नका, डॉक्टर करणार नाहीत आणि केली तर संशय वाढेल. रुग्ण बोलण्याच्या स्थितीत आला की मेडिकल सुपरिंटेंडेंटच्या नावे अर्ज द्या: पहिली माहिती रुग्णाने दिलेली नाही, त्याचं म्हणणं असं असं आहे, ते नोंदवावं. डॉक्टर खाली नवी तारीख-वेळ टाकून जोडनोंद करतात. एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद) करायला सांगा. त्यावरून रबाळे एमआयडीसी, तुर्भे एमआयडीसी, वागळे इस्टेट जे ठाणं असेल तिथले पोलीस जबाब घ्यायला येतात. त्या जबाबातही मशीनचं नाव आणि शिफ्ट यायला हवी.

४८ तासांपेक्षा जास्त काळ कामावर येता आलं नाही, तर कारखान्याने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयालाही कळवायचं असतं. त्यांनी कळवलं नसेल तर तुम्ही साधा अर्ज देऊन कळवू शकता. पाहणीचा अहवाल पुढे पुराव्याला येतो.

कुठलं बिल चालतं, कुठलं अडतं

कुठल्याही बिलाला तीन प्रश्न लावून बघा. पैसे खरंच गेले का? ते उपचारासाठी गेले का? आणि तो उपचार याच इजेचा आहे का? तिन्हींना कागद असेल तर बिल नाकारणं कंपनीला जड जातं.

ऑपरेशन, आयसीयू, रक्त, एक्स-रे, एमआरआय, हॉस्पिटलमधली औषधं यांवर फारसा वाद होत नाही. वाद असतो दरावर: ‘एवढ्या महागड्या ठिकाणी का नेलं?’ याला उत्तर असं की, कुणी नेलं ते बघा. कंपनीनेच नेलं असेल तर मुद्दाच संपला. घरच्यांनी हलवलं असेल तर का हलवलं याची चिठ्ठी पहिल्या डॉक्टरकडून घ्या. ‘प्लास्टिक सर्जन उपलब्ध नाही, पुढे पाठवत आहोत’ एवढी एक ओळ पुरते. भाजलेल्या रुग्णाला ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरला हलवलं तर त्याचं कारण कुणालाही पटतं, पण ते कागदावर असावं.

इम्प्लांटचं बिल नेहमी अडतं. प्लेट, स्क्रू, रॉडच्या पाकिटावर कंपनीचं नाव आणि बॅच नंबर असलेला स्टिकर असतो. तो ऑपरेशन नोटला चिकटवलेला असायला हवा. ‘इम्प्लांट – ४२,०००’ अशा एका ओळीवर विमा कंपनीही पैसे सोडत नाही. डिस्चार्जच्या आधीच स्टिकरची झेरॉक्स आणि इम्प्लांटचं मूळ बिल मागा. नंतर रेकॉर्ड रूममधून काढायचं म्हणजे चकरा.

बाहेरून आणलेली औषधं: मेडिकलवाल्याची कच्ची चिठ्ठी चालत नाही. रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, तारीख, बॅच नंबर असलेलं छापील बिल घ्या आणि त्याला प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स त्याच दिवशी पिनने लावा. मेडिकलची बरीच बिलं थर्मल कागदावर येतात. पाकिटात घडी करून ठेवली की दोन-तीन महिन्यांत कोरी पडतात. घरी आल्या आल्या झेरॉक्स काढा, लॅमिनेशन करू नका, उष्णतेने कागद काळा पडतो.

फिजिओथेरपी हा उपचारच आहे, चैन नव्हे. बोटांचं टेंडन शिवलं आणि व्यायाम झाला नाही तर हात आखडतो, मग अपंगत्वाची टक्केवारी वाढते आणि कंपनीला जास्त पैसे मोजावे लागतात. हे कंपनीला सांगून बघा, बहुतेकदा कायद्यापेक्षा हे लवकर पटतं. सर्जनने किती सिटिंग लिहून दिल्या ते हवं, फिजिओच्या कार्डावर प्रत्येक तारखेला सही हवी.

मधुमेहाचा मुद्दा कंपनी हमखास काढते. पायाला जखम झाली, साखरेमुळे भरली नाही, बोट काढावं लागलं. ‘ते साखरेमुळे.’ जखम कामावर झाली नसती तर बोट गेलं असतं का, हा खरा प्रश्न. तो डॉक्टरला विचारून उत्तर लेखी घ्या. साखरेच्या रोजच्या गोळ्या मात्र दाव्यात घालू नका. त्या आधीपासून चालू होत्या, आणि त्या घातल्या की बाकीच्या खऱ्या बिलांवरही संशय येतो.

कृत्रिम अवयव, पट्टे, कुबड्या डॉक्टरने लिहून दिल्या असतील तर मागा. ॲम्ब्युलन्स मागाच. ड्रेसिंगला जायचं रिक्षाभाडं, सोबतच्या माणसाचा खर्च, प्रोटीन पावडर यांवर मतं वेगवेगळी पडतात. हे वेगळ्या यादीत मागावं, मुख्य रकमेत मिसळू नये. हाडवैद्याकडच्या खर्चाला पावती नसते, तो धरायचाच नाही. महात्मा फुले योजनेत मोफत झालेल्या ऑपरेशनचं बिल मागता येत नाही, पण त्याच काळात बाहेरून आणलेल्या औषधांचं मागता येतं.

आणि तीन दिवसांत कामावर परत येण्याइतकी किरकोळ इजा असेल, तर कायद्याने भरपाईची जबाबदारीच लागत नाही. टाके आणि इंजेक्शनचे हजारभर रुपये गोडीत मागून घ्यावेत, कोर्टाची पायरी त्यासाठी नाही.

हिशोब कसा मांडायचा

समजा, दिघ्यात राहणाऱ्या, ईएसआयबाहेरच्या प्रेस ऑपरेटरची दोन बोटं गेली. हॉस्पिटलचं अंतिम बिल १,४६,५००. बाहेरची औषधं १८,२४०, पैकी ३,९०० च्या कच्च्या चिठ्ठ्या. फिजिओच्या २४ सिटिंग, ४०० प्रमाणे ९,६००. ड्रेसिंग सहा वेळा, ३५० प्रमाणे २,१००. एकूण १,७६,४४०. कंपनीने डिपॉझिट भरलं ६०,०००. उरले १,१६,४४०. कच्च्या चिठ्ठ्या वगळल्या तर पक्की मागणी १,१२,५४० ची. रिक्षाचे ५,४०० वेगळ्या यादीत, तारीखवार.

डिपॉझिटच्या पावत्या आणि अंतिम बिल दोन्ही जोडून एकच खर्च दोनदा धरला जातो, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. अंतिम बिलात डिपॉझिट वळतं झालेलं असतं. मागणी बिलावर लावा, पावत्या फक्त पैसे कुणी भरले हे दाखवायला ठेवा. भावाच्या मोबाइलवरून यूपीआय केलं असेल तर त्याच्या बँकेच्या स्टेटमेंटचं ते पान आणि ‘हे पैसे मी भावासाठी भरले’ असं त्याचं दोन ओळींचं पत्र जोडा.

मग उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून एक दाखला घ्या: अमुक तारखेच्या इजेसाठी अमुक ते अमुक काळात उपचार केले, सोबतची बिलं त्याच उपचारांची आहेत, पुढे प्लेट काढण्याचं ऑपरेशन लागेल. हा एक कागद पन्नास बिलांचं काम करतो.

मागणीपत्र

तोंडी मागणीचा उपयोग नाही. हा मसुदा पुरेसा आहे:

‘प्रति, (१) कंपनीचं नाव व प्लॉट क्रमांक, (२) ठेकेदाराचं नाव. मी आपल्याकडे ____ विभागात ____ म्हणून काम करतो. दि. ____ रोजी ____ वाजता ____ मशीनवर काम करताना मला ____ इजा झाली. त्या वेळी ____ हजर होते. सोबतच्या तक्त्याप्रमाणे उपचारखर्च रु. ____ झाला, त्यापैकी आपण रु. ____ भरले, उरलेले रु. ____ पंधरा दिवसांत माझ्या बँक खात्यात जमा करावेत. एखादं बिल मान्य नसल्यास त्याचा अनुक्रमांक व कारण लेखी कळवावं. पुढील उपचारांचा खर्च आणि अपंगत्वाची भरपाई मागण्याचा माझा हक्क मी राखून ठेवतो.’

कंपनी आणि ठेकेदार दोघांनाही पाठवा. कंपनीच्या आवारात, कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचं काम ठेकेदारामार्फत चालत असेल तर कलम १२ खाली मूळ कंपनीकडून वसुली होते. तिने ती ठेकेदाराकडून नंतर घ्यावी. गेटपास, मस्टरचा फोटो, कँटीनचं कूपन, शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे मेसेज, ठेकेदाराने पगार टाकलेला बँकेचा व्यवहार, सगळं जपा. पत्र स्पीड पोस्टने, पोचपावतीसह. मूळ बिलं यासोबत पाठवू नका. कंपनीने मागितली तर समोर जाऊन द्या आणि यादीवर शिक्का-सही घेऊनच सोडा. ‘विमा कंपनीकडे गेली’ म्हणून मूळ बिलं गायब होतात, नंतर कुणी दाद देत नाही.

कंपनीची ठरलेली उत्तरं

‘पॉलिसीत मेडिकलची मर्यादा ५०,००० आहे.’ असेल. ती मर्यादा कंपनी आणि विमा कंपनी यांच्यातली. कामगाराने त्या करारावर सही केलेली नाही. वरचे पैसे कंपनीने खिशातून द्यायचे.

‘दारू प्यायला होता’, ‘गार्ड काढला होता.’ हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. नुसता निष्काळजीपणा पुरत नाही, हेतुपुरस्सर नियम मोडलेला असावा लागतो. माल जास्त निघावा म्हणून सुपरवायझरनेच गार्ड काढायला लावला असेल, तर शेजारच्या मशीनवरच्या माणसाचा जबाब लवकर घ्या. तो पुढच्या महिन्यात दुसरीकडे कामाला असेल.

‘आमच्या डॉक्टरकडे आला नाही.’ कळवल्यापासून तीन दिवसांत कंपनीने मोफत तपासणी देऊ केली असेल तर जायलाच हवं. न गेल्यास भरपाईचा हक्क तेवढा काळ थांबतो. जा, पण आपल्या डॉक्टरचे उपचार सोडू नका.

‘हॉस्पिटलचं भरलं, ते भरपाईतून वळतं करू.’ नाही. उपचारांसाठी दिलेला पैसा भरपाई म्हणून धरता येत नाही, कलम ४ मध्येच तसा खुलासा आहे. सॅलरी स्लिपवर तीच रक्कम ‘उचल’ म्हणून दाखवून दरमहा कापत असतील तर तेही लगेच लेखी हरकत घेऊन थांबवा.

शेवटी येतो स्टॅम्प पेपर. ‘सर्व रक्कम मिळाली, पुढे काही मागणार नाही.’ हक्क सोडून देणारा असा करार कलम १७ खाली रद्दबातल असतो. तरी सही झाली की भांडण लांबतं. पैसे मिळत असतील तर घ्या, पावतीवर आपल्या हाताने लिहा: ‘उपचारखर्चापोटी अंशतः मिळाले.’

दावा

उत्तर आलं नाही तर ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात तक्रार देता येते. बोलावणं गेलं की काही कंपन्या तिथेच मिटवतात. पण तिथे महिनोनमहिने घालवू नका. भरपाईचा दावा अपघातापासून दोन वर्षांत दाखल करायचा असतो. उशीर झाला तर कारण पटवून द्यावं लागतं.

आपल्याकडे भरपाई आयुक्ताचं काम कामगार न्यायालयात चालतं. अपघात झाला तिथे, कामगार राहतो तिथे किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय आहे तिथे दावा करता येतो. तळोजा एमआयडीसी रायगड जिल्ह्यात येते, पण माणूस दिव्यात राहत असेल तर ठाण्यात दावा करायला हरकत नाही. वकील परवडत नसेल तर ठाणे जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

अर्जात तीन मागण्या वेगवेगळ्या लिहा: उपचारखर्च, काम बंद होतं त्या काळातली अर्धमासिक रक्कम, आणि कायमच्या अपंगत्वाची भरपाई. महिन्याभरात भरपाई न दिल्यास १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंड लागतो. तोही मागा, आपण मागितला नाही तर कुणी देत नाही. कंपनीने बिलं नाकारली तर डॉक्टरला किंवा हॉस्पिटलच्या बिलिंगवाल्याला साक्षीला बोलवावं लागतं. म्हणून वरचा दाखला देणारा डॉक्टर साक्षीला येईल का, ते आधीच विचारून ठेवा.

अपघात रस्त्यावर, वाहनामुळे झाला असेल तर थांबून विचार करा. मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा भरपाई आयुक्त, दोन्हींपैकी एकच दार निवडता येतं. न्यायाधिकरणात पुढच्या उपचारांचा आणि सोबतच्या माणसाचा खर्चही सहज मागता येतो. मोठ्या इजेत ड्रायव्हर-क्लीनरला बहुधा तेच परवडतं, पण त्यात चूक कुणाची हे दाखवावं लागतं.

आयुक्तापुढे ‘प्रत्यक्ष झालेला’ खर्च हीच कसोटी असल्याने प्लेट काढण्यासारख्या पुढच्या ऑपरेशनची रक्कम आज मिळवणं कठीण असतं. ते ऑपरेशन सुनावणी चालू असताना झालं तर बिलं लगेच पुरवणी यादीने दाखल करा. डॉक्टर वेळ सांगत असतील तर तारीख त्या हिशोबाने घ्या. आदेश झाल्यावरही कंपनीने पैसे भरले नाहीत, तर ते जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याचा अर्ज त्याच न्यायालयात द्यावा लागतो. तो अर्ज आपण होऊन कुणी करत नाही.